सावडीचा टाका

गोधडी हा कर्ज देण्याजोगा धंदा नाही, असा शेरा मी बँकेच्या नोकरीत असताना बऱ्याच बचत गटांच्या प्रस्तावांवर मारला आहे. आधी मुरबाड तालुक्यात, मग शहापुरात. पापड, लोणची, शेळ्या, शिलाई मशीन, भाजीपाला, सुकी मासळी या सगळ्यांना माझी सही मिळाली. गोधडीला मिळाली नाही. शेरा मी हिशेब मांडून मारत होते, त्यामुळे मला त्याची कधी टोचणी लागली नाही.

तोच हिशेब अलीकडच्या दराने मांडते. माणसाच्या अंगाला पुरेल एवढी, टाक्याच्या दोन ओळींत बोटभर अंतर ठेवलेली गोधडी चार बायकांनी मिळून घातली आणि रोज दुपारचे अडीच तास दिले, तरी पंधरवडा जातो. १४ दिवस धरा. चौघींचे मिळून १४० तास. आठ तासांचा एक रोज धरला तर साडेसतरा रोज. रोजगार हमीचा महाराष्ट्रातला २०२५-२६ चा दर ३१२ रुपये होता. म्हणजे नुसती मजुरी ५,४६० रुपये. कापड, दोरा आणि चहा फुकटात धरला आहे. उलट आमच्या म्हसा गावच्या जत्रेत पौषात गुबगुबीत ब्लँकेटांचे ढीग लागतात आणि घासाघीस केली की पाचशेच्या आत दोन माणसांची सोय होते. मी खुर्चीवर होते तेव्हा आकडे वेगळे होते, निष्कर्ष हाच होता.

माझं दुसरंही एक मत होतं, आणि ते अजून तसंच आहे. गोधडीवर कुणी भाषण करायला लागलं की ‘मायेची ऊब’ येते आणि मला चीड येते. ज्यांच्या आजीने गोधडी शिवली त्यांना ऊब आठवते. आजीला काय आठवत असेल? दिवसभर भातात वाकून आल्यावर चिमणीच्या उजेडात ओवलेली सुई. ब्लँकेट परवडायला लागलं त्या वर्षी कित्येक घरांतल्या बायकांनी सुई खाली ठेवली, आणि मी म्हणत असे, बरं झालं. तो वेळ त्यांनी झोपण्यात घालवला असेल तरी बरं झालं.

हे दोन्ही विचार घेऊन मी निवृत्त झाले आणि गोधडी शिकायला बसले. शिकायला म्हणून गेले नव्हते, हे आधीच सांगते. आम्ही चौघी मैत्रिणी. एक जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या बाई, एक आरोग्य केंद्रातल्या नर्सबाई, मुरबाडच्या बाजारात ब्लाउज शिवणारी आमची टेलरीण, आणि मी. बाईंच्या लेकीला दिवस गेले होते. बाळाची दुपटी बाजारातून आणायची नाहीत, असं बाईंनी ठरवलं. त्यांची मामी माळशेजच्या पायथ्याला, टोकावड्याच्या पुढे राहते. तिला गोधडी येते, तिच्याकडून शिकायचं. मी गाडी चालवते म्हणून माझी भरती झाली. शहापूरहून किन्हवलीवरून सरळगाव, तिथून उजवीकडे मुरबाडला जाऊन टेलरणीला घ्यायचं आणि पुन्हा मागे फिरून टोकावड्याच्या रस्त्याला लागायचं. माझा अंतस्थ हेतू वेगळा होता. मामीच्या वस्तीत बचत गट होता, आणि आता बँकेची खुर्ची नसताना त्यांना एखादा नीट धंदा सुचवावा, असं माझ्या मनात होतं.

भात झोडून झालेलं, राबाची पालापाचोळा गोळा करायची कामं सुरू व्हायची होती, आणि दुपारी बायका मोकळ्या होत्या. ज्यांना वीटभट्टीवर जायचं होतं ती कातकरी कुटुंबं दिवाळीनंतरच गेली होती. त्यांच्या बोचक्यात भांड्यांच्या खाली गोधडी असतेच. भट्टीवरच्या पालात ब्लँकेट टिकत नाही, ठिणगी पडली की वितळतं.

मामीने आम्हाला पहिल्या दिवशी सुईला हात लावू दिला नाही. कापड ओळखायला बसवलं. आम्ही घरातल्या जुन्या साड्या गाडी भरून नेल्या होत्या. मामीने एकेक साडी दोन बोटांत चोळली आणि दोन ढीग केले. एक ढीग अगदी बारका, दुसरा डोंगराएवढा. डोंगर परत न्यायचा होता. नायलॉन, पॉलिएस्टर, जॉर्जेट. सुई त्यातून सुळकन जाते पण टाका धरत नाही, कापड कापडावरून सरकतं, आणि चार दिवसांनी गोधडीच्या पोटात बोळा होतो. घाम पीत नाही हा मुद्दा तर वेगळाच. नऊवारी सुती लुगडं होतं तोवर प्रश्न नव्हता. लुगडं सुमारे आठ मीटर लांब, शेकडो वेळा धुतलेलं, आटायचं तेवढं आटून गेलेलं, सुईला लोण्यासारखं. घराघरांत धुवायला सोप्या, न चुरगळणाऱ्या साड्या आल्या आणि गोधडीचा कच्चा मालच संपला. मी इतकी वर्षं म्हणत आले की ब्लँकेटाने गोधडी मारली. निम्मं काम तरी आमच्याच अंगावरच्या साडीने केलं होतं.

मग सुती कापड आणायचं कुठून? आमच्या भागाला याची एक सोय आहे. भिवंडीला यंत्रमाग, उल्हासनगरला तयार कपड्यांचे कारखाने. तिथली कातरण किलोवर मिळते. टेलरणीला ही दुकानं पाठ होती. पण कातरण नवी असते, खळीची असते. ती आधी भिजवून, आपटून, उन्हात टाकून तिची मस्ती उतरवावी लागते. नव्या कापडाची गोधडी पहिल्या धुण्यात आटते आणि जुन्याची आटत नाही. दोन्ही एकत्र घातली तर एक ओढतं, दुसरं झोळ सोडतं. ‘टाकाऊतून टिकाऊ’ ही पाटी मी अनेक प्रदर्शनांत वाचली होती. गोधडीत जुनं कापड नाइलाज म्हणून घालत नाहीत, ते तिथे नव्यापेक्षा चांगलं चालतं म्हणून घालतात, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं.

दुपट्यांपासून सुरुवात झाली. दोन पदर, मध्ये एक मऊ धोतर, कड आत मोडायची, आणि धावदोरा. धावदोऱ्यासारखी सोपी गोष्ट नाही असं शाळेत शिकलो होतो. एका कापडावर ती सोपी आहे. तीन थरांवर सुई वरून आत जाते ती खालून हव्या त्या जागी निघत नाही. वरचा टाका तांदळाएवढा आणि खालचा गव्हाएवढा, असा माझा पहिला माल. नर्सबाईंचा हात साहजिकच आमच्यात सर्वांत बरा. सर्वांत वाईट टेलरणीचा. आयुष्यभर मशीनवर पाय मारलेली बाई, तिला डाव्या हाताने खालून कापड उचलून सुईवर चढवायचं जमेना. ती सुई उभी खुपसायची, खालून ओढायची, पुन्हा वर खुपसायची. मामी चार-चार, पाच-पाच टाके सुईवर गोळा करून एकदम दोरा ओढते. दोरा हातभरच घ्यायचा, लांब घेतला की गुंता. अंगुस्तान मामी वापरत नाही. तिचं मधलं बोटच तसं झालं आहे. आम्हाला मात्र तिने ते घालायला लावलं, आणि आमची बोटं पाहून वस्तीवरच्या पोरींची करमणूक झाली.

खरी गोधडी घालायला आम्ही घेतली तेव्हा एक वाद झाला, आणि माझं मत बदललं त्याची सुरुवात मी त्या वादापासून धरते.

अस्तर जमिनीवर अंथरलं होतं. कोपऱ्यांवर दगड. पोटात मामीची एक विरलेली जुनी गोधडी, तिच्यावर तुकड्यांचा थर, वर बाईंच्या आईचं हिरवं लुगडं. टेलरीण मोबाइलवर परदेशी बायकांचे क्विल्टिंगचे व्हिडिओ पाहून आली होती. तिथे सांगतात, शिवण मधून सुरू करा आणि बाहेर जा. म्हणजे थरांतला सगळा ढिलेपणा कडेला ढकलला जातो आणि मध्ये चुण्या पडत नाहीत. शिवणकामाच्या दृष्टीने हे शंभर टक्के बरोबर आहे. मामी म्हणाली, आपण कडेपासून आत जायचं. टेलरीण म्हणाली, चुण्या पडतील. मामी म्हणाली, पडू देत.

मी बँकेतली, मला कारण लागतं. मी विचारलं, का? मामीला प्रश्नच कळेना. शेवटी म्हणाली, “म्याडम, मधून धरली तर बसनार कोन कुठं?”

मी कापडाकडे पाहिलं. मधून सुरुवात केली तर गोधडीवर गुडघे टेकून एक बाई शिवू शकते. फार तर दोन, डोक्याला डोकं लावून. कडेपासून धरली तर चार बाजूंना चार जणी बसतात, प्रत्येकीसमोर तिची कड, आणि ओळीमागून ओळ करत चौघी एकाच वेगाने आत सरकतात. चुण्या मध्ये जमा होतात, ती त्या पद्धतीची किंमत. गोधडीच्या अंगावरची ती बारीक सुरकुतलेली लाट चौघींनी मिळून बसायचं ठरवल्यामुळे येते. उत्तर कन्नडातल्या सिद्दी बायका त्यांच्या कवंद्या, म्हणजे गोधड्याच, अशाच बाहेरून आत शिवत नेतात. गीता खंडेलवाल यांनी महाराष्ट्रातल्या गोधड्यांवर इंग्रजीत पुस्तक केलं आहे. ते मी नंतर मिळवून पाहिलं, आणि छायाचित्रांतल्या चौकोनात चौकोन गेलेल्या ओळी पाहिल्या की मला आता त्यांच्याभोवती बसलेल्या बायका मोजाव्याशा वाटतात.

म्हणजे माझ्या हिशेबातला ‘चार बायका’ हा आकडा मी मजूर म्हणून धरला होता. ते मजूर नव्हते. ती सावड होती.

सावड म्हणजे काय, हे आमच्याकडे भातशेतीच्या माणसाला सांगावं लागत नाही. बाहेरच्यांसाठी थोडक्यात: आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत पाऊस सगळ्यांना एकदमच गाठतो, रोपं सगळ्यांची एकदमच तयार होतात आणि मजूर कुणालाच मिळत नाहीत. मग आज तुमच्या खाचरात सगळे, उद्या माझ्या, परवा तिसऱ्याच्या. पैसे नाहीत. ज्याचं शेत त्याच्या घरचं जेवण. देशावर इर्जिक म्हणतात ती याच्याच कुळातली. मी शेतीकर्जं दिली आहेत, सावड मला पुरेपूर ठाऊक होती. पीककर्जाच्या अर्जात मजुरीचा खर्च फुगवलेला दिसला की मी विचारत असे, “सावडीत किती उरकता?” हाच प्रश्न गोधडीला लावायचं मात्र मला कधी सुचलं नाही, कारण शेती हे काम होतं आणि गोधडी हा बायकांचा रिकामा वेळ.

ती पहिली मोठी गोधडी बाईंची झाली. मामीने आणि वस्तीवरच्या दोघी-तिघींनी तिच्यावर दुपारी दिल्या होत्या. मी सवयीप्रमाणे एक वही केली. तारीख, कोण बसलं, किती वाजेपर्यंत. माझा इरादा चांगला होता. कुणाचं देणं राहू नये. मामीने वही पाहिली आणि तिचा चेहरा उतरला. तिला ती आवडली नाही एवढंच मला कळलं. परत येताना बाईंनी समजावलं. लिहिलं की फिटतं. फिटलं की पुढे येण्याचं कारण संपतं. मामीकडे कुणाच्या तरी दुपारी नेहमी उसन्या असतात आणि तिच्या कुणाकडे तरी. सासूने घेतलेली दुपार सून फेडते. वस्तीत एक म्हातारी आहे, तिला आता दिसत नाही. ती येऊन बसते, सुया ओवायला लागलेल्या पोरींना गोष्टी सांगते, आणि तिच्या घरची गोधडी इतरांइतकीच भरते. माझ्या वहीत तिच्या नावापुढे शून्य आलं असतं.

वही मी बंद केली. मामीचं मन राखायला केली, पटून नव्हे. पटलं ते पुढे.

आमच्या गोधड्यांचे फोटो बाईंच्या लेकीने कुठेतरी टाकले आणि मुंबईच्या एका दुकानातून विचारणा आली. माझ्या अंगात जुनी अधिकारीण जागी झाली. नाबार्डने १९९२ मध्ये बचत गट बँकांना जोडायला सुरुवात केली, महिला आर्थिक विकास महामंडळ त्याआधीपासून, १९७५ पासून, होतंच, २०११ मध्ये ‘उमेद’ अभियान आलं. या सगळ्या प्रवासात मी बायकांना एकच मंत्र दिला होता, बाजारपेठ. आणि इथे बाजारपेठ स्वतःच्या पायांनी आली होती, तीही माझ्या ५,४६० च्या वर भाव द्यायला तयार होऊन. दुकानाच्या अटी वाजवी होत्या. सगळ्या गोधड्या एका मापाच्या. रंग फिके. पोटात जुनी गोधडी नको. टाक्यांच्या ओळी सरळ. आणि प्रत्येकीवर एक पट्टी, शिवणाऱ्या बाईच्या नावाची.

पहिल्या अटी मामीने ऐकून घेतल्या. पट्टीवर गाडी अडली. नाव कुणाचं? चौघी बसतात, कधी पाचवी येते, अधूनमधून एखादी चहा ठेवायला उठते आणि तिच्या जागी तिची मुलगी बसते. दुकानाला एक चेहरा हवा होता. आणि पैसे कसे वाटायचे? तासांवर? मग माझी वही पुन्हा उघडा. टाक्यांवर? मग जिचा हात जलद तिने हळू हाताच्या बाईशेजारी का बसावं? आंधळ्या म्हातारीचं काय? हे प्रश्न विचारले गेले त्या आठवड्यात वस्तीवरच्या दोघींचं आपसात बोलणं बंद झालं. एकही गोधडी विकली गेली नव्हती तेव्हा.

यात आमच्या वस्तीचं काही वेगळं नव्हतं. अमेरिकेत अलाबामा राज्यात जीज बेंड नावाचं नदीच्या वळणावरचं गाव आहे, कापसाच्या मळ्यावर गुलाम म्हणून आणलेल्या लोकांच्या वंशजांचं. तिथल्या बायका कामाचे फाटके कपडे जोडून गोधड्या शिवत. १९६६ मध्ये, नागरी हक्कांच्या चळवळीच्या धामधुमीत, त्या परिसरात ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’ नावाची सहकारी संस्था निघाली. बायकांच्या हातात पहिल्यांदा पैसा आला, आणि तो फार मोलाचा होता. पण मोठ्या दुकानांना एकसारखा माल हवा होता. मनाला येईल तशी गोधडी तिथे चालत नव्हती. १९७२ मध्ये ‘सीअर्स’ कंपनीकडून कॉर्डुरॉयच्या उशीच्या अभ्र्यांचं काम मिळालं. पुढे २००२ मध्ये या गावच्या गोधड्या ह्यूस्टन आणि न्यूयॉर्कच्या संग्रहालयांत भिंतीवर लागल्या, समीक्षकांनी त्यांची आधुनिक चित्रांशी तुलना केली, २००६ मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्याने त्यांची तिकिटं काढली. आणि २००७ मध्ये गावातल्याच काही बायका पैसे आणि हक्क यांवरून कोर्टात गेल्या. पुढच्या वर्षी ते मिटलं. मी हे वाचलं तेव्हा मला त्यात कुणी खलनायक शोधावासा वाटला नाही. एका गोधडीवर एक नाव आणि एक किंमत लावायची म्हटली की हे होणार.

तर आता माझं मत असं. माझा हिशेब बरोबर होता. गोधडी हा धंदा नाही. मी त्यातून काढलेला अर्थ मात्र मला आता मान्य नाही. धंदा नाही म्हणून ती बिनकिमतीची आहे, सुटली तर बरं, असं मी धरून चालले होते. तिचा एक व्यवहार आधीपासून चालू आहे. त्यात व्याज आहे, थकबाकी आहे, जामीनही आहे, आणि बँकेच्या फॉर्ममध्ये त्याला रकाना नाही. आवणीत कोण कुणाच्या खाचरात आधी जाणार, बाळंतपणात रात्री कोण जागणार, टँकर आला की कुणाचा हंडा कोण भरून ठेवणार, हे त्या चार कडांवर ठरतं. तो व्यवहार मी इतकी वर्षं ‘बायकांचा रिकामा वेळ’ या नावाखाली शून्य रुपये म्हणून लिहीत आले.

टँकरचं निघालंच आहे तर सांगते. तानसा धरण १८९२ पासून मुंबईला पाणी पाजतं आहे, भातसाही आमच्याच शहापूर तालुक्यात, आणि चैत्र-वैशाखात याच तालुक्याच्या गावपाड्यांना टँकर लागतो. गोधडी भिजली की दोन बायकांना उचलत नाही. ती नदीवर खडकावर आपटूनच धुवावी लागते. म्हणून घटस्थापनेच्या आधी, काळू आणि भातसा भरून वाहत असताना, अख्ख्या घराच्या गोधड्या एकदम निघतात. तेही सावडीनेच, पिळायला दोघी लागतात. मशीनमध्ये धुता येतील अशा हलक्या गोधड्या करा, असं मला शहरातल्या एका बाईंनी सुचवलं. नळाला पाणी असतं त्यांना हे सुचतं.

हे सगळं मी मामीच्या ओट्यावर, जरा आवेशातच, बोलून दाखवलं. गोधडी विकायची नाही, सावड मोडायची नाही वगैरे. माझ्या शेजारी वस्तीवरची एक ठाकर बाई बसली होती. तिचा नवरा गेलेला, दोन मुली आश्रमशाळेत. हात इतका देखणा की तिची ओळ पट्टीने आखल्यासारखी. ती टाका न थांबवता म्हणाली, “तुला पेन्सन हाय म्हनून तुला सावड गोड लागते, म्याडम.”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजून नाही. सावडीचा व्यवहार दुपारींत चालतो, पण मुलीच्या गणवेशाला, एसटीच्या पासला, औषधाला रुपया लागतो, आणि रुपयाच्या गरजेपुढे माझं नवं मत मी मिरवू शकत नाही. सावडीत सगळे बरोबरीचे असतात हेही खरं नाही. ज्याच्याकडे खाचर मोठं, त्याच्याकडे सावडीचे दिवस जास्त पडतात, आणि ज्याच्याकडे जमीनच नाही तो देतो जास्त, घेतो कमी. हे मला शेतीकर्जाच्या खुर्चीवरून दिसत होतं. गोधडीच्या प्रेमात पडल्यावर ते मी विसरायला निघाले होते.

तोडगा तिनेच काढला. दुकानाला गोधडी द्यायची नाही, चौघड्या द्यायच्या. चौघडी लहान, चार पदरी, पोटात काही नाही. ती एकटीने घालता येते, त्यामुळे पट्टीवर नाव एक, पैसे एकीचे, भांडण नाही. मोठी गोधडी विकायची नाही, ती सावडीतच. दुकानाने आधी कुरकुर केली, मग चौघड्या घेतल्या. तिच्या तीन गेल्या, दुसऱ्या एकीची एक. भाव मी ठरवला, आणि या वेळी मजुरी धरून ठरवला. टेलरणीने कडा मशीनवर मारून देऊ का विचारलं. दुकानाला हाताची कड हवी होती, म्हणून तिचं अजून शिकणं चालू आहे.

बोलणं बंद झालेल्या दोघी पुन्हा बोलायला लागल्या का, हे मला खात्रीने सांगता येणार नाही. एका गोधडीला बसतात, पण समोरासमोरच्या कडा धरतात.

सध्या नर्सबाईंची पाळी आहे. त्यांच्या कपाटातून सुती लुगडं एकच निघालं, बाकी सगळं नायलॉन. मामीने डोंगर बाजूला सारला, माझ्याकडे पाहिलं, आणि उल्हासनगरहून पाच किलो कातरण आणायचं काम मला लावलं. खळ मीच काढायची आहे. आमच्या इमारतीत सध्या पाणी एक दिवसाआड येतं, तेव्हा ती बादली-बादलीने भिजवावी लागणार.